कॅमेरा राहणार कुठे?

प्रश्न : मी सकाळी सायकल चालवते. सुट्टीच्या दिवशी गुहागरच्या रस्त्याला जाते, कधी मैत्रिणींबरोबर कुंभार्ली घाट चढते. फोटो मोबाईलवरच काढते, पण पावसाळ्यात भिजलेल्या बोटांनी पडद्यावर काही केल्या नीट दाबलं जात नाही. सायकलवर नेता येईल असा छोटा कॅमेरा घ्यायचा विचार आहे. दुकानदार म्हणतात, ‘आता असले कॅमेरे कोण घेतं, त्या पैशांत चांगला मोबाईल घ्या.’ काय करावं? घ्यायचाच तर कोणता?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : दुकानदाराला दोष देऊ नका, कॅमेरे विकून त्याचं पोट आता भरत नाही. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेचे आकडे बघा. २०१० साली जगभरात दहा कोटींहून जास्त छोटे डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ साली हा आकडा वीस लाखांच्याही खाली आला. स्वस्त आणि बेताचे कॅमेरे मोबाईलने गिळले. उरले ते मोबाईलला न जमणारं काहीतरी करणारे, आणि म्हणूनच महाग. त्यामुळे ‘मोबाईलपेक्षा चांगला फोटो येईल’ एवढ्याच आशेवर घेणार असाल तर पैसे वाचवा. स्वच्छ उन्हात समोर उभ्या असलेल्या देवळाचा फोटो काढला तर चांगला मोबाईल आणि छोटा कॅमेरा यांतला फरक तुमच्या मैत्रिणींना कळणारही नाही.

पण सायकलवर मोबाईल नुसता कॅमेरा नसतो. नकाशा तोच, चहाचे पैसे देणारा तोच, घरी ‘उशीर होईल’ म्हणून सांगणारा तोच, आणि टायर फाटला तर टेम्पो बोलावणाराही तोच. घाटमाथ्यावर फोटो काढून काढून त्याची बॅटरी संपली, तर हे सगळं एकदम बंद. शिवाय तुम्ही लिहिलंय ती ओल्या बोटांची अडचण मोबाईल बदलून पूर्ण जाणार नाही. तो पडदा बोटातून वाहणाऱ्या विजेच्या अगदी सूक्ष्म फरकावर चालतो, आणि पाणीही वीज वाहतं. थेंब पडला की पडदा गोंधळतो. कॅमेऱ्याचं बटण ओल्या हाताने, हातमोजा घालूनही दाबता येतं.

मोबाईल हँडलला क्लॅम्पने अडकवून नेत असाल तर आणखी एक सांगतो. २०२१ साली ॲपलने अधिकृतपणे बजावलं की मोटरसायकलच्या इंजिनासारख्या जोरदार कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. या यंत्रणेत भिंगाचा गट चुंबकांच्या आधारे अक्षरशः तरंगत असतो. सायकलला इंजिन नाही हे खरं, पण खडीच्या रस्त्यावर दांडीला बसणारे हादरे सोसणं हे त्या यंत्रणेचं काम नव्हे. मोबाईल खिशात बरा.

तेव्हा कॅमेरा घ्या. मात्र कोणता, याच्या आधी मी तुम्हालाच एक प्रश्न विचारतो : तो सायकलवर राहणार कुठे?

बहुतेक जण उलट करतात. आधी कॅमेरा घेतात, मग जागा शोधतात, ती मागच्या पॅनियरमध्ये सापडते, आणि कॅमेरा घरून जसा निघाला तसाच परत येतो. मागच्या बॅगेतून काहीही काढायचं म्हणजे थांबा, उतरा, स्टँड लावा, बक्कल सोडा, रेनकोट बाजूला करा. तोवर खंड्या तारेवरून उडालेला असतो. चार वेळा असं झालं की पाचव्यांदा माणूस थांबतच नाही. एक पाय जमिनीवर टेकवून, दुसरा पॅडलवर ठेवूनच एका हाताने जो बाहेर निघतो, तोच सायकलचा कॅमेरा. बाकी त्याचे मेगापिक्सेल किती, हे विचारूसुद्धा नका.

जागा तशा तीन-चारच आहेत. जर्सीचा मागचा खिसा हाताला जवळ, पण तिथे घामाची वाफ कोंडते आणि पाठीवर पडलात तर ती कडक वस्तू थेट कण्याखाली येते. मी तिथे केळं ठेवीन, कॅमेरा नाही. वरच्या दांडीवर बांधायची छोटी बॅग सोयीची, पण तिथे हादरे जास्त. आत फोम घालावा लागतो आणि महिन्याकाठी कॅमेऱ्याचे बाहेरचे स्क्रू ढिले झालेत का ते बघावं लागतं. हँडलच्या पुढची बॅग चांगली. चेनऐवजी झाकणाला चुंबक किंवा वेलक्रो असेल तर आणखी चांगली. माझी पसंती मात्र खांद्यावरून आडव्या पट्ट्याने छातीशी घट्ट बसणाऱ्या लहान पिशवीला. अंगावर असलेल्या वस्तूला हादरे कमी बसतात, कारण तुमचे कोपर आणि गुडघे ते आधीच झेलतात. शिवाय टपरीवर थांबलात तर कॅमेरा सायकलवर राहत नाही. पट्टा सैल मात्र ठेवू नका, नाही तर चढावर उभं राहून पॅडल मारताना पिशवी पोटापुढे झुलते.

जागा ठरली की वजन आणि जाडी आपोआप ठरते. तीनशे ग्रॅमच्या आसपास, आणि भिंग बाहेर आलेलं नसताना हाताच्या पंजात मावेल एवढा. इथे अनेक नावाजलेले कॅमेरे गळतात. फुजीफिल्मचा एक्स१००-६ सध्या फार मिरवतो, फोटोही सुरेख देतो, पण वजन ५२१ ग्रॅम आणि भिंग कायमचं बाहेर. तो गळ्यात घालून गाव फिरायला ठीक.

आता आतलं सांगतो. कॅमेऱ्यात प्रकाश झेलणारी जी चकती असते, सेन्सर म्हणतात ती, तिच्या आकारावर पुष्कळ काही अवलंबून असतं. पाणीरोधक छोट्या कॅमेऱ्यांत ती साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटर असते. सोनीच्या आरएक्स१०० मालिकेत १३.२ बाय ८.८, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. रिकोच्या जीआर मालिकेत साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे सोनीच्याही तिप्पट. चकती मोठी तितका कमी उजेडात फोटो स्वच्छ. पावसाळी सकाळी झाडीतल्या रस्त्यावर उजेड किती कमी असतो ते डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला लगेच कळतं. ताशी २५ किलोमीटरने जाणारी तुमची मैत्रीण सेकंदाला जवळपास सात मीटर पुढे सरकते. कॅमेऱ्याचं शटर एका सेकंदाचा साठावा भाग उघडं राहिलं तरी तेवढ्यात ती अकरा सेंटिमीटर पुढे गेलेली असते, म्हणजे फोटोत फराटा. हजाराव्या भागात ती जेमतेम सात मिलिमीटर सरकते. पण इतक्या कमी वेळात पुरेसा प्रकाश गोळा करायचा तर मोठी चकती किंवा मोठ्या तोंडाचं भिंग हवं.

मग सरळ मोठ्या चकतीचाच घ्यावा? चिपळूणमध्ये थांबा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या गावी राहून तुम्ही पावसात सायकल चालवता. आरएक्स१०० किंवा जीआर यांना पाण्याचं वावडं आहे. चालू केला की दोघांचंही भिंग पुढे सरकतं, बंद केला की मागे जातं, आणि या ये-जा करण्यात कॅमेरा भात्यासारखी हवा आत ओढतो. हवेबरोबर दमटपणा येतो, उन्हाळ्यात लाल मातीची धूळ येते. जीआरच्या चकतीवर धुळीचा कण जाऊन बसतो ही तर जगभरची तक्रार आहे, आणि भिंग निघत नसल्यामुळे तो कण घरी पुसताही येत नाही.

तुमच्यासाठी म्हणून मी ओएम सिस्टिमचा टीजी-७ सुचवतो. ऑलिंपस कंपनीने कॅमेऱ्याचा धंदा वेगळा काढल्यावर हे नाव आलं; ऑलिंपसच्या नावाने आलेला टीजी-६ वापरलेला मिळाला तरी चालेल. वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास. पाण्याखाली १५ मीटरपर्यंत चालतो, दोन मीटरवरून पडला तरी सोसतो असा कंपनीचा दावा. सायकलवाल्याच्या दृष्टीने मोलाची गोष्ट ही, की झूम करताना भिंग बाहेर येतच नाही, आतल्या आत हलतं. पिशवी न घेता, मनगटाच्या दोरीने अडकवून भर पावसात नेता येतो. आणि एक गंमत आहे त्यात : भिंगापासून एक सेंटिमीटरवरची वस्तूही तो टिपतो. तेरड्याच्या पाकळीवरचा थेंब, दगडावरचं शेवाळ, साकवाच्या कठड्यावरची गोगलगाय. मोठ्या किमतीच्या कॅमेऱ्यांना हे वेगळं भिंग लावल्याशिवाय जमत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला बघण्यासारखं निम्मं जग याच मापाचं असतं.

त्याचा उणेपणाही ऐका. चकती लहान, म्हणून संध्याकाळी सातनंतरचे फोटो दाणेदार येतात. माणसामागची पार्श्वभूमी छान धूसर होईल अशी आशा ठेवू नका. समुद्रावर नेलात तर घरी आल्यावर झाकणं न उघडता गोड्या पाण्याच्या भांड्यात थोडा वेळ बुडवून ठेवा, मीठ निघून जातं. बॅटरीच्या झाकणाभोवती जी रबरी कड असते तिच्यावर केस किंवा वाळूचा कण नाही ना, हे दर वेळी बोट फिरवून बघा. पाणीरोधक कॅमेऱ्यांचा घात बहुधा तिथेच होतो.

कॅमेरा कोणताही घ्या, कोकणात त्याला बुरशीपासून जपावं लागतं. हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिला की भिंगावर बुरशीचे तंतू धरतात, आणि कापडी किंवा चामडी पाकीट तो ओलावा धरून ठेवतं. कपाटात, पाकिटात कॅमेरा ठेवू नका. रबर लावलेल्या झाकणाचा हवाबंद प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात रंग बदलणारी सिलिका जेल टाका, आणि रंग बदलला की ती तापवून पुन्हा वापरा. महागडं कोरडं कपाट लागत नाही.

प्रश्न : मी बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करतो. थांबायला वेळ नसतो, पण रात्रीचे, पहाटेचे फोटो हवे असतात. झूम किती असावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : झूम नसावंच. दोनशे किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. ताशी २२ च्या सरासरीने चालवलीत तर नऊ तास सायकलवर जातील आणि साडेचार तासांच्या आसपास हातात उरतील. त्यातच जेवण, पाणी, पंक्चर, शिक्के. फोटोसाठी वीसदा थांबलात आणि दर वेळी तीन मिनिटं गेली, तर एक तास गेला. झूम असलं की माणूस उभा राहून पुढे-मागे करत बसतो.

तुम्हाला रिको जीआर ३ हवा. २०१९ साली आला, बॅटरीसकट २५७ ग्रॅम. एका सेकंदाच्या आत चालू होतो, आणि सगळी महत्त्वाची बटणं उजव्या हाताच्या अंगठ्याखाली. त्यात एक सोय आहे जी मला इतरत्र इतकी सरळ सापडली नाही. आधीच अंतर ठरवून ठेवायचं, समजा अडीच मीटर, आणि भिंगाचं तोंड एफ/८ वर. मग बटण एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, ठरलेल्या अंतरावर लगेच टिपतो. एवढ्या रुंद भिंगाला या मांडणीत साधारण सव्वा मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. शेजारून जाणारा जोडीदार, मागचा डोंगर, दोन्ही. अंधारात मात्र एफ/८ विसरा, तोंड पूर्ण उघडा.

बॅटरी दुबळी आहे, दोनशेच्या आसपास फोटो. पण यूएसबी-सीने चार्ज होते, म्हणजे सायकलच्या दिव्याला जी पॉवर बँक नेता तीच चालते. घेण्याआधी तुमचे दिवे, जीपीएस, मोबाईल आणि कॅमेरा एकाच वायरीवर चालतील का ते बघा. रात्री दोन वाजता टोलनाक्यावर तीन प्रकारच्या वायरी उलगडत बसणं हा निव्वळ छळ आहे. दृश्यापेक्षा माणसांचे फोटो जास्त काढत असाल तर याचाच जीआर ३ एक्स हा भाऊ बघा, त्याचं भिंग थोडं अरुंद आहे. २०२५ मध्ये जीआर ४ आला, पण त्याच्यासाठी खिसा रिकामा करावा असं मला वाटत नाही.

झूम हवंच असेल तर सोनी आरएक्स१०० मार्क ७. ३०२ ग्रॅममध्ये चांगलं लांबपर्यंत जाणारं झूम आणि वर उचलला की डोळ्याला लावता येणारा छोटा व्ह्यूफाइंडर, जो भर दुपारी मागचा पडदा दिसेनासा होतो तेव्हा कामी येतो. अंग मात्र साबणाच्या वडीइतकं गुळगुळीत. बाहेरून चिकटवायची रबरी पकड आधी लावा, मग सायकलवर न्या.

प्रश्न : सायकल चालवता चालवता फोटो काढणं सुरक्षित आहे का? माझे मित्र सर्रास काढतात.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. कॅमेऱ्याचं बटण नेहमी उजवीकडे असतं, म्हणून उजवा हात कॅमेऱ्यावर आणि डावा हँडलवर. आता बघा, तुमच्या डाव्या हाताखाली कोणता ब्रेक आहे? आपल्याकडे दोन्ही प्रकारच्या सायकली मिळतात. मागचा असेल तर अचानक कुत्रं आडवं आल्यावर सायकल वेळेत थांबणार नाही. पुढचा असेल आणि घाबरून एकदम दाबलात तर तुम्ही हँडलवरून पुढे. फोटो चांगला आला तरी तो बघायला शुद्ध हवी. चालताना चित्रण हवंच असेल तर ॲक्शन कॅमेरा छातीवर किंवा हँडलवर लावा आणि विसरून जा. तो स्थिर फोटोंसाठी मला आवडत नाही, चकती लहान आणि भिंग अतिरुंद, त्यामुळे सह्याद्रीचा कडा त्यात टेकडीएवढा दिसतो. पण चित्रणाला ठीक.

प्रश्न : सायकल आणि कॅमेरा ही जोडी कधीपासूनची?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दोघं जवळपास एकाच वेळी सामान्य माणसाच्या हाती आले. जॉर्ज ईस्टमनचा पहिला कोडॅक १८८८ सालचा. त्यात शंभर फोटोंचा रोल कंपनीच भरून देई. दोन्ही चाकं सारख्या आकाराची असलेली आणि हवेच्या टायरची सायकलही याच सुमाराला पसरली. मग अमेरिकेत कारखानदारांनी सायकलस्वारांसाठी म्हणून घडीचे कॅमेरे काढले. रॉचेस्टरचा ‘सायकल पोको’ त्यातला एक. थॉमस ॲलन आणि विल्यम साख्टलेबेन हे दोन अमेरिकी तरुण कॉलेजातून बाहेर पडून सायकलने निघाले आणि इस्तंबूलहून थेट पेकिंगला पोहोचले. बरोबर कोडॅक होता. त्यांचं पुस्तक १८९४ साली आलं. पुढे फॅनी बुलक वर्कमन या अमेरिकी प्रवासी आणि त्यांचे पती हिंदुस्थानात सायकलने हजारो मैल फिरले, देवळांचे फोटो काढत. ते पुस्तक १९०४ सालचं. त्या काळचा कॅमेरा आणि आजचा जीआर यांच्या वजनाची तुलना केली तर आपल्या तक्रारी जरा ओशाळवाण्या वाटतात.

प्रश्न : नवा परवडत नाही. वापरलेला घेताना काय बघू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वापरलेला घेणं शहाणपणाचं आहे. २०१२ चा पहिला आरएक्स१०० आजही चांगला फोटो देतो, वजन २४० ग्रॅम. अलीकडे मात्र तरुण मुलांना जुन्या छोट्या कॅमेऱ्यांचं वेड लागलंय आणि किमती वाढल्यात. कॅननचा जी७एक्स तर काही जण नव्याच्या भावाने विकायला बसलेत, त्या वाटेला जाऊ नका.

कॅमेरा हातात घ्या आणि दहा वेळा चालू-बंद करा. भिंग बाहेर येताना कुरकुरलं किंवा अडखळलं तर आत वाळू गेलेली आहे. असा कॅमेरा सायकलवर एक उन्हाळासुद्धा काढणार नाही. भिंगाचं तोंड जितकं लहान करता येईल तितकं करून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा आणि मोठा करून बघा, काळे ठिपके दिसले तर चकतीवर धूळ आहे. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून भिंगात डोकवा. कोळिष्टकासारखे तंतू म्हणजे बुरशी, मग कितीही स्वस्त असला तरी सोडा. भिंगासमोरची दोन पाती पूर्ण उघडतात का, बॅटरी फुगलेली नाही ना, चार्जिंगचं छिद्र ढिलं नाही ना, एवढं बघायला दहा मिनिटं लागतात. मूळ बिल मागा. पाणीरोधक कॅमेरा वापरलेला घेत असाल तर त्याच्या रबरी कडा किती जुन्या आहेत ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तो पावसासाठी घ्या, पोहण्यासाठी नको.

आणि स्वतःची सायकलची पिशवी बरोबर न्या. कॅमेरा तीत घालून एका हाताने काढून बघा. विक्रेता एवढं करू देत नसेल तर तिथून घेऊ नका.